सॉन २८ हब डायनॅमो: एकट्यानं खंड ओलांडणाऱ्यांसाठी

ट्रान्सकॉन्टिनेन्टल रेस ही युरोप ओलांडणारी सायकल शर्यत २०१३ साली लंडनहून इस्तंबूलला निघाली तेव्हापासून तिचा मुख्य नियम तोच आहे: ठरवून आणलेली कुणाची मदत नाही. साधारण ४,००० किमी, मागे गाडी नाही, घड्याळ थांबत नाही. २०१९ मध्ये फियोना कोल्बिंगर बुर्गासहून ब्रेस्टला १० दिवस २ तास ४८ मिनिटांत पोहोचली आणि पहिली आली. या वेगात फोन-दिवे चार्ज करत सॉकेटजवळ बसून घालवलेला प्रत्येक तास झोपेतून वजा होतो. जर्मनीत ट्युबिंगनला बनणारा सॉन २८, म्हणजे चाकाच्या हबमध्ये (मधल्या तुंब्यात) बसून चाक फिरताना वीज करणारा डायनॅमो, विकत घ्यायचा तो हा तास वाचवण्यासाठी. उजेड ही त्याची अर्धीच कामगिरी आहे.

टायरला घासणारा बाटली डायनॅमो वापरलेल्यांना पहिली शंका येते ती सायकल जड होण्याची. हा डायनॅमो पुढच्या चाकाच्या हबमध्येच असतो, त्यामुळे घासणं नाही. तो ६ व्होल्ट, ३ वॅट देतो. कार्यक्षमता साधारण ६५ टक्के धरली तर दिवा चालू असताना पायांवर जेमतेम ५ वॅटचा भार येतो. १२० वॅटनं सतत चालवणाऱ्याला हे चार टक्के. लांब पल्ल्यात ते जाणवतात, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण आठ तासांच्या रात्रीला ३ वॅटच्या दिव्यासाठी २४ वॅट-तास लागतात, म्हणजे १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेचा मोठा भाग. रोज ती कुठे भरणार?

घोडं अडतं ते जोडणीत. हबमधून एसी वीज येते. दिव्याला ती थेट चालते, पण फोनसाठी मध्ये यूएसबी कन्व्हर्टर लागतो. वेग ताशी १२ किमीच्या आसपास उतरला की चार्जिंग तुटू लागतं. इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटाचा प्रातो गावाकडून चढ २४ किमीचा, ४८ वळणांचा. बॅगा लादलेल्या सायकलीवर तो ८-९ च्या वेगानं चढला तर जवळपास तीन तास चार्जिंगला फारसं काही मिळत नाही. फोन थेट जोडलेला असेल तर तो दर वळणावर चालू-बंद होतो, स्क्रीन पेटत राहते आणि बॅटरी भरण्याऐवजी उतरते. म्हणून कन्व्हर्टरमधून आधी छोटी पॉवर बँक भरायची आणि तिच्यातून फोन व जीपीएस. बँक अशी हवी की जी एकाच वेळी भरतेही आणि देतेही, आणि वीज तुटून परत आल्यावर बटण न दाबता पुन्हा भरू लागते. बऱ्याच बँका या दुसऱ्या परीक्षेत नापास होतात. घरीच केबल काढून-लावून तपासा.

दिवा आणि चार्जिंग एकदम चालवू नका. ३ वॅटचे दोन वाटे केले की दोन्ही उपाशी राहतात. दिवसा चार्जिंग, रात्री दिवा. दिवसभर दहा तास बऱ्या वेगानं चालवलं तर हातात २५ वॅट-तासांच्या आसपास पडतात; फोन आणि जीपीएसला ते पुरतात.

याच कंपनीचा सॉनडिलक्स थोडा हलका आहे आणि ओढही कमी, पण कमी वेगात वीजही कमी देतो. सपाट मार्ग निवडणाऱ्यानं तो घ्यावा. आल्प्स आणि बाल्कनच्या घाटांसाठी २८ च बरा. तैवानच्या शटर प्रिसिजनचे हब बरेच स्वस्त आहेत आणि सरावाला उत्तम. सॉनचा जास्तीचा पैसा जातो तो बेअरिंगच्या आयुष्यात. दिवसा तापलेला हब रात्री गार पडताना आतली हवा आकुंचन पावते आणि बेअरिंगमधून ओल आत ओढते. ते टाळायला यात दाब सम राखणारी सोय केलेली आहे. पाच वर्षांची हमी आहे. मात्र बेअरिंग बदलायला हब खोलण्याचं काम गल्लीतल्या दुकानाचं नाही. तो परत पाठवावा लागतो, आणि भारतातून ते वेळखाऊ आणि खर्चिक पडतं.

चाक नव्यानं बांधावं लागतं. जुन्या हबचे स्पोक बसतीलच असं नाही, कारण फ्लँजचा (हबवरच्या स्पोक अडकवायच्या कडेचा) व्यास वेगळा असतो. मोजूनच लांबी ठरवा. बांधल्यावर शे-दोनशे किमी चालवून पुन्हा आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून घ्या.

कुणाला नको? २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिका ओलांडणारी रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) पूर्ण केली, तशी मागे गाडी असेल तर बॅटरीचे दिवेच हलके आणि सोयीचे. २०० किंवा ३०० किमीच्या ब्रेव्हेसाठीही (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) एवढा खर्च नको. ६०० पासून पुढे विचार करावा.

सर्वांत जास्त बिघाड होतो तो वायरच्या टोकाशी. पंक्चर काढताना घाईत चाक ओढलं की हबवरचा चपटा कनेक्टर तुटतो. सुटे दोन ४.८ मिमी कनेक्टर आणि वीतभर वायर पंक्चरच्या पिशवीतच ठेवा, आणि क्विक रिलीजला (चाक सोडवायच्या खटक्याला) हात लावण्याआधी वायर काढा.