घरगुती व्हॅक्यूम सीलर आणि फ्रिजमधले चिकन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने दर रविवारी आणलेले ताजे चिकन मी व्हॅक्यूम सीलरने, म्हणजे पिशवीतली हवा ओढून तिचे तोंड बंद करणाऱ्या यंत्राने, बंद करून फ्रिजमध्ये ठेवतो. पूर्वी ते दुकानाच्या पातळ पिशवीतच राहत असे आणि तिसऱ्या दिवशी त्यावर बुळबुळीत थर धरून उग्र वास सुटत असे. हे मुख्यतः स्यूडोमोनास जिवाणूंचे काम. त्यांना थंडी मानवते, पण हवा लागते, आणि साध्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन सहज आत शिरतो. सीलरच्या पिशवीत नायलॉनचा थर असतो, तो ऑक्सिजनला बराच अडवतो. म्हणून त्या महाग पिशव्यांवरचा खर्च मला योग्य वाटतो.

हवा काढल्याने जिवाणू मरत नाहीत, त्यांच्यातले कोणते वाढणार एवढेच बदलते. स्यूडोमोनास मागे पडतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे, सावकाश वाढणारे जिवाणू पुढे येतात. त्यामुळे मांस नासण्याऐवजी हळूहळू आंबूस होत जाते. छातीच्या तुकड्यांना हा फायदा स्पष्ट मिळाला, तंगडीला मात्र कमी. तंगडीच्या मांसाची आम्लता छातीपेक्षा कमी, सामू (pH, जो आम्लता कमी तितका जास्त) साधारण ६.४, आणि अशा मांसात हवेशिवायही वाढणारे शेवानेला जिवाणू सडक्या अंड्यासारखा वास आणतात. शिवाय हाडाचे टोक पिशवीला बारीक भोक पाडते, हे मला दोनदा उशिरा कळले. आता हाडावर जाड कागदाची घडी ठेवूनच सील करतो.

पहिल्या महिन्यात पिशव्या फुगत असल्याने मी यंत्रालाच दोष देत होतो. थर्मामीटर ठेवल्यावर दिसले की फ्रिजचे तापमान ८ अंश सेल्सिअस होते. ते २ ते ३ अंशांवर आणल्यापासून चौथ्या दिवशीचे छातीचे मांसही चांगले निघते. तरी त्यापुढे मी ते ठेवत नाही, कारण लिस्टेरिया हा आजार आणणारा जिवाणू थंडीत, हवेविना आणि कसलाही वास न येता वाढू शकतो. जास्त दिवसांसाठी फ्रीझरच वापरतो.

पिशवी उघडल्यावर येणारा कोंदट वास आणि मांसाचा जांभळट रंग पाहून घरच्यांनी सुरुवातीला चांगले चिकन टाकून दिले होते. दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवल्यावर रंग गुलाबी झाला आणि वास गेला, तर तो नुसता कोंडलेल्या हवेचा होता; वास तसाच राहिला, तर ते चिकन आम्ही शिजवत नाही.