सोमवारची ‘दिल्ली दर्शन’ बस आणि त्यानंतरचे आमचे दोन दिवस

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझे यजमान, दहा वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीमुळे फार चालता न येणाऱ्या सत्तरीच्या सासूबाई असे आम्ही चौघे दिल्लीला जाऊन आलो. सासूबाईंची दगदग होऊ नये म्हणून पहिल्याच दिवसासाठी एका खासगी प्रवासी कंपनीच्या ‘दिल्ली दर्शन’ बसची चार तिकिटे घरूनच काढून ठेवली होती. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण अशाच धर्तीच्या इतरही सहली चालतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सर्वांच्या ग्राहकांच्या उपयोगाचे आहे. कुटुंबासह राजधानी पाहायची असेल तर या बसने जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

सहल सोमवारी होती आणि माहितीपत्रकात आठ ठिकाणे छापलेली होती. लाल किल्ला सोमवारी बंद असतो आणि कमळ मंदिरही सोमवारी बंद असते. ही दोन्ही नावे त्या आठांत होती. तिकीट विकताना कोणीही तसे सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही, कारण वार ठरवून बस चालवणाऱ्यांना सुटीचे वार ठाऊक असणारच असे आम्ही गृहीत धरले होते. लाल किल्ल्यासमोर बस रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे उभी राहिली, सर्वांनी खिडकीतून छायाचित्रे काढली आणि गाडी पुढे निघाली. मुलगा गेला महिनाभर ज्या किल्ल्याचे नाव घेत होता, त्याची तांबडी भिंत तेवढी त्याच्या वाट्याला आली. घरी परतल्यावर या दोन ठिकाणांपुरती रक्कम परत मिळावी असे आम्ही कंपनीला लिहिले, तेव्हा सहल ‘दर्शना’ची आहे आणि दर्शन बाहेरूनही होते, असे उत्तर आले. हे उत्तर मला अजूनही पटलेले नाही. ज्या वास्तूत प्रवेशच मिळणार नाही तिच्यापुढे ‘फक्त बाहेरून’ एवढे दोन शब्द छापायला काही खर्च येत नाही.

वेळेची वाटणी त्याहून जास्त खटकली. कुतुबमिनारला पस्तीस मिनिटे, हुमायूनच्या कबरीला पंचवीस मिनिटे आणि शाली, गालिचे व संगमरवरी वस्तू विकणाऱ्या एका दालनात पाऊण तास. पस्तीस मिनिटांत सुरक्षा तपासणी आणि स्वच्छतागृह धरून कुतुबचे आवार कसे पाहून होणार? सुमारे ७३ मीटर उंचीचा मिनार वर मान करून दिसतो, परंतु त्याच्या पायथ्याच्या मशिदीतले, जुन्या मंदिरांतून आणलेले कोरीव खांब जवळ जाऊन पाहावे लागतात. त्यांच्यावरच्या घंटा, साखळ्या आणि फुलांच्या वेली एकेका खांबाशी थांबल्याशिवाय लक्षात येत नाहीत. गुप्तकाळातला लोहस्तंभ आम्ही चालता चालता पाहिला. दीड हजारांहून अधिक वर्षे उघड्यावर असूनही तो गंजून गेला नाही, कारण त्यातील लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असून त्यामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक थर तयार झाला आहे, हे मुलाला रात्री खोलीवर आल्यावर सांगावे लागले. बसमधला मार्गदर्शक मनमिळाऊ होता, त्याचे हिंदी स्वच्छ होते आणि सासूबाईंना चढता-उतरताना तो न सांगता हात देत होता. त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. वेळापत्रक त्याने आखलेले नव्हते.

मंगळवारी आम्ही स्वतःच मेट्रोने निघालो. सासूबाईंना मेट्रो झेपेल का, ही धास्ती अनाठायी ठरली. आमचा मुक्काम करोल बागेत होता. तेथून निळ्या मार्गिकेने मंडी हाऊस आणि तेथे गाडी बदलून जांभळ्या मार्गिकेने थेट ‘लाल किला’ स्थानक, असा सोपा प्रवास होता. आम्ही वापरलेल्या स्थानकांवर उद्वाहने चालू होती, डब्यात ज्येष्ठांसाठी राखीव जागा होत्या आणि दोन्ही वेळा बसलेल्या मुलांनी आपणहून उठून त्या मोकळ्या करून दिल्या. प्रत्येक स्थानकावर सामानाची तपासणी होते, त्यामुळे हातात एकच पिशवी ठेवावी. २००२ साली सुरू झालेली ही सेवा परक्या शहरातून आलेल्या म्हाताऱ्या माणसालाही एका दिवसात आपलीशी वाटते, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मला देता येणार नाही.

लाल किल्ल्यात आम्ही साडेतीन तास होतो. लाहोरी दरवाजातून आत गेल्यावर छत्ता चौकाचा झाकलेला बाजार, मग नौबतखाना, मग दिवाण-ए-आम आणि त्याच्याही मागे, पूर्वेच्या तटाला लागून असलेले महाल, असा बराच लांबचा पल्ला आहे. सासूबाई वाटेत चार वेळा टेकल्या आणि त्यांना कोणी घाई केली नाही. शाहजहानने आग्र्याहून राजधानी हलवताना बांधलेला हा किल्ला १६४८ मध्ये पूर्ण झाला. दिवाण-ए-खासच्या संगमरवरी खांबांवर रंगीत दगडांची जडावाची फुले आहेत. त्यातल्या काही पाकळ्यांचे खडे निघून गेले असून नुसत्या पाकळीच्या आकाराच्या खाचा उरल्या आहेत, आणि मुलगा त्या खाचा बराच वेळ न्याहाळत होता.

मराठी माणसाने या दालनात थोडे रेंगाळावे असे मला मनापासून वाटते. येथले मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहाने नेले, हे बहुतेकांना ठाऊक असते. छताला असलेला चांदीचा पत्रा मात्र १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी उतरवून त्याची नाणी पाडली, आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत झाले. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली आणि बादशहा शाहआलम मराठ्यांच्या आधाराने राजधानीत परतला. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारा हा इतिहास त्या छताखाली उभे राहून सांगितला तेव्हा मुलाने पहिला प्रश्न केला तो भाऊंच्या सैनिकांना पगार मिळाला का, असा. पंचवीस मिनिटांच्या थांब्यात असा प्रश्न सुचायला सवड मिळत नाही.

त्याच संध्याकाळी रिक्षाने इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय समर स्मारकात गेलो. बसने आम्हाला इंडिया गेट लांबून दाखवले होते, परंतु २०१९ मध्ये खुल्या झालेल्या या स्मारकाचा उल्लेखही केला नव्हता. प्रवेश विनामूल्य आहे. मधोमध स्तंभ आणि अखंड ज्योत, भोवती वर्तुळाकार भिंती, आणि त्या भिंतींच्या प्रत्येक ग्रॅनाइटच्या विटेवर स्वातंत्र्योत्तर काळात देशासाठी प्राण दिलेल्या एकेका जवानाचे नाव सोनेरी अक्षरांत कोरलेले आहे. सासूबाईंनी चष्मा पुसून एका टोकापासून नावे वाचायला सुरुवात केली. आडनाव ओळखीचे लागले की त्या ते मोठ्याने म्हणत: जाधव, शिंदे, पाटील, पुन्हा जाधव. त्यांचे एक चुलतभाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि सुखरूप परत आले होते, हे मला लग्नानंतर चौदा वर्षांनी त्या भिंतीपाशी प्रथम कळले. दिल्लीतले एकच ठिकाण पाहायला सवड असेल, तर मी हे सुचवीन, आणि तेही संध्याकाळच्या वेळी.

बुधवारी हुमायूनची कबर पुन्हा, या वेळी दोन तास, आणि दुपारी जनपथावरचे राष्ट्रीय संग्रहालय. कबरीची बाग चार भागांत आखलेली असून तिच्या पाटांच्या कडेने सावलीतून चालता येते. चौथऱ्यावर चढण्याच्या पायऱ्या मात्र उंच आणि खड्या आहेत, म्हणून सासूबाई खालीच बागेत बसल्या. संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तकी अवश्य पाहावी. पुस्तकातल्या चित्रावरून ती पुरुषभर उंचीची असेल असे मुलाला वाटत होते. ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे हे पाहून तो आधी हिरमुसला आणि मग काचेला नाक लावून तिच्या हातातल्या बांगड्या मोजू लागला.

खर्चाचे म्हणाल, तर बसच्या चार तिकिटांत आमचे दोन्ही दिवसांचे मेट्रो, रिक्षा आणि प्रवेशशुल्क भागून पैसे उरले असते. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, हेही लक्षात ठेवावे. ज्यांना अगदीच चालवत नाही किंवा ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, त्यांनी बस घ्यायचीच झाल्यास सोमवार टाळावा, प्रत्येक थांब्याची मिनिटे लेखी मागून घ्यावीत आणि खरेदीचा थांबा वगळता येईल का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. आमचे कमळ मंदिर राहिले आहे आणि राष्ट्रपती भवनाची फेरीही राहिली आहे, कारण तिची वेळ आधीच ऑनलाइन राखून ठेवावी लागते.