ड्रॅगन एज की विचर: आपले निर्णय लक्षात कोण ठेवतं?

पार्ल्याच्या भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं आणि लगेच विचारलं, "मामा, सुट्टीत ड्रॅगन एज सुरू करू की विचर?" दोन्ही व्हिडिओ गेमच्या मालिका. लढाई, ग्राफिक्स वगैरे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी बोलतो ते एकाच गोष्टीवर: एका भागात घेतलेला निर्णय पुढच्या भागात टिकतो का?

वरवर पाहता ड्रॅगन एज सरस वाटते. २००९ च्या पहिल्या भागात, ओरिजिन्समध्ये, फेरेल्डन राज्याच्या गादीवर कोण बसणार हे आपण ठरवतो. २०१४ मध्ये तिसरा भाग इन्क्विझिशन आला तेव्हा तर 'कीप' नावाची वेबसाइटच काढली होती. जुने निर्णय तिथे एकेक करून भरायचे, की ते नव्या भागात उतरायचे. मी हौसेने सगळे भरले.

त्याच इन्क्विझिशनमध्ये फेड नावाच्या स्वप्नलोकातून निसटताना कोणीतरी मागे थांबायचं असतं: हॉक, नाहीतर राक्षसांशी लढणाऱ्या ग्रे वॉर्डन पंथातला एक योद्धा. माझ्या कथेत तो वॉर्डन म्हणजे ॲलिस्टर, पहिल्या भागापासूनचा सोबती. आणि हॉक म्हणजे ज्याच्या रूपाने अख्खा दुसरा भाग खेळलो तो. कंट्रोलर बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो. शेवटी हॉकला मागे ठेवलं.

मग २०२४ मध्ये चौथा भाग व्हेलगार्ड आला. तो मागचं तीनच गोष्टींचं विचारतो: इन्क्विझिटरचं (तिसऱ्या भागातल्या आपल्या नायकाचं) प्रेम कोणावर होतं, त्याची इन्क्विझिशन ही संघटना बरखास्त केली का, आणि साथ सोडून गेलेला सोबती सोलास याच्याबद्दल शपथ काय घेतली. हॉकचं काय झालं, हे विचारतच नाही. पहिल्या भागातली जादूगारीण मॉरिगन स्वतः भेटते, पण तिच्या मुलाचा विषय निघत नाही. कथा उत्तरेला सरकली म्हणून फेरेल्डन जिथे आहे ती दक्षिण गाळली, हे एक वेळ पटलं असतं. पण इन्क्विझिटरच्या पत्रांतून दक्षिणेची धूळधाण झाल्याचं कळतं, आणि तिथल्या गादीवर मी कोणाला बसवलं होतं ते त्यांत कुठेच येत नाही. माझं मन उडालं ते इथे.

विचरचा पसारा लहान. पहिल्या तिन्ही भागांत नायक एकच, राक्षसांची शिकार करणारा गेराल्ट, त्यामुळे सांभाळायचे धागेही कमी. २०१५ च्या तिसऱ्या भागात जुना सेव्ह (आधीच्या भागाचा साठवलेला खेळ) नसला तरी अडत नाही. विझिमा शहरातल्या राजवाड्यात गेराल्टची दाढी चाललेली असताना निल्फगार्ड साम्राज्याचा सेनानी मॉरव्रान व्हूर्हिस मागच्या घडामोडींची चौकशी करतो, आपण उत्तरं द्यायची. प्रश्न मोजकेच. मी सांगितलं, दुसऱ्या भागातल्या राजांचा मारेकरी लेथो याला जिवंत सोडलं. पुढे बऱ्याच तासांनी तो एका पडक्या वाड्यात लपलेला सापडला आणि विचरांचा किल्ला केर मॉरेन इथल्या लढाईत माझ्या बाजूने उभा राहिला. मारलाय म्हणालो असतो, तर आलाच नसता.

विचरही अगदी निर्दोष नाही. दुसऱ्या भागात अर्धी कथा ज्याच्या खांद्यावर, तो एल्फ बंडखोर इओर्वेथ तिसऱ्यात फिरकतही नाही. त्याची बाजू घेतलेल्यांचा राग रास्तच आहे.

एल्फ, ड्वार्फ, जादूगार असा आपला नायक आपणच घडवायचा असेल, तर ड्रॅगन एजचे पहिले तीन भाग जरूर खेळावेत; दुसऱ्यात मात्र नायक मानवच असतो. नाहीतर, मला तरी वाटतं, विचरचा दुसरा भाग आधी घ्यावा, आणि पीसीवर खेळणाऱ्याने त्याची सेव्ह फाइल जपून ठेवावी. तिसरा भाग ती थेट उचलतो.