यूएसजेनवेब : काउंटी दत्तक घेतल्यावरचा अभिप्राय

माझं माहेर नाशिकचं. घराण्याची माहिती हवी तर क्षेत्रोपाध्यायांकडे जायचं, गाव-आडनाव सांगायचं, गुरुजी वही काढतात आणि पणजोबांच्या हातचा मजकूर दाखवतात. सासर मिळालं ओहायोतलं. सासूबाईंना त्यांच्या आईकडची माणसं शोधायची होती आणि पैसे भरून घेतलेल्या एका वेबसाइटवर गाडी अडली होती. १८५०च्या जनगणनेत कुटुंब मन्रो काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), १८६०च्या जनगणनेत नोबल काउंटीत, पण जमीन विकल्याचा कागद कुठेच नाही.

यूएसजेनवेब ही स्वयंसेवकांनी चालवलेली, अमेरिकन घराण्यांची माहिती शोधायची फुकट वेबसाइट. तिथल्या एका को-ऑर्डिनेटर बाईंना ईमेल केली. दोन ओळींचं उत्तर आलं : माणसं हललीच नाहीत, हद्द हलली. मन्रो, वॉशिंग्टन, मॉर्गन आणि गर्न्सी या काउंट्यांचे तुकडे जोडून १८५१ साली नोबल काउंटी झाली, ओहायोतली ८८वी आणि शेवटची. त्याआधीचे जमिनीचे कागद शोधायचे तर जुन्या काउंटीच्या दप्तरात. सासूबाई खूश, आणि मी या उद्योगात अडकले.

ही सेवा १९९६ साली केंटकीतून सुरू झाली आणि लवकरच सगळ्या राज्यांत पसरली. प्रत्येक राज्याला एक को-ऑर्डिनेटर, त्याच्या हाताखाली काउंटीगणिक एकेक स्वयंसेवक. पगार कुणालाच नाही, वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत. काउंटीच का, तर लग्नं, मृत्युपत्रं, जमिनीचे व्यवहार हे सगळं तिथेच नोंदलं जायचं. ओहायोत जन्म-मृत्यूची नोंद १८६७पासून काउंटीच्या प्रोबेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्रं-वारसा बघणाऱ्या कोर्टात, व्हायची, राज्याने ती १९०८च्या डिसेंबरात आपल्याकडे घेतली. जनगणनेवर विसंबावं तर १८५०च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बायकापोरं म्हणजे नुसते आकडे. १८९०ची जनगणना तर राजधानी वॉशिंग्टनमधल्या १९२१च्या आगीपायी जवळजवळ सगळीच गेली. म्हणजे १८८० ते १९०० वीस वर्षांचं भगदाड. त्यात जन्मून, लग्न होऊन, वारलेली मुलगी सापडलीच तर लग्नाच्या रजिस्टरात नाहीतर थडग्यावर. हे उतरवून काढणारी माणसं म्हणजेच हे स्वयंसेवक.

ज्या काउंटीला कुणी वाली नाही ती ‘दत्तक’ मिळते. मी राज्याच्या को-ऑर्डिनेटरना लिहिलं. तिथे राहायची अट नाही, वेबसाइट चालवण्याचं जुजबी ज्ञान पुरतं. प्रकल्पाचं बोधचिन्ह लावायचं, संपर्काचा पत्ता चालू ठेवायचा, आलेल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं. कुणाचं अख्खं संशोधन करून देणं बंधनकारक नाही, हे आधीच वाचून ठेवा, कारण ‘माझा वंशवृक्ष पाठवून द्या’ अशा ईमेल येतातच.

मला सगळ्यात आवडतं ते कबरस्तानांचं काम. झिजलेल्या दगडावरची अक्षरं वाचायला आरशाने तिरका उजेड पाडतात, मग पुसट तारीखसुद्धा उठून दिसते. शेव्हिंग क्रीम फासायची जुनी युक्ती मात्र करू नका, दगड खराब होतो. उन्हात उभं राहून कुणाच्या तरी तान्ह्या लेकरांची नावं ओळीने लिहून घेताना जीव हलतो, हेही खरं. नवरा म्हणतो, बाकीच्या बायका शनिवारी मॉलला जातात.

आता खटकणाऱ्या गोष्टी. दर्जा सारखा नाही. एका काउंटीचं पान बघावं तर नकाशे, लग्नांच्या याद्या, मृत्युलेख सगळं जागच्या जागी. पलीकडच्या काउंटीचं उघडावं तर नव्वदच्या दशकातली रंगीबेरंगी पार्श्वभूमी आणि निम्म्या लिंका मेलेल्या. त्याहून मोठी अडचण म्हणजे स्वयंसेवकाने तयार केलेला मजकूर त्याच्याच मालकीचा राहतो. तो सोडून गेला तर सोबत नेऊ शकतो, आणि नव्या माणसाने श्रीगणेशापासून सुरुवात करायची. हा नियम मला पटत नाही. निदान थडग्यांच्या याद्या तरी काउंटीकडेच राहाव्यात. उतरवलेल्या यादीत चुका असतात, तेव्हा मूळ कागदाचं छायाचित्र पाहिल्याशिवाय नाव पक्कं धरू नका. हयात माणसांची माहिती टाकत नाहीत आणि अलीकडच्या मृत्युलेखांची वर्तमानपत्रातून सरसकट नक्कल करता येत नाही, यावरून लोक चिडतात, पण ते बरोबरच आहे.

आपल्या देशी घराण्यांसाठी इथे जवळपास काही नाही. सून, जावई किंवा सासर अमेरिकन असेल तरच उपयोग. त्या मर्यादेत पाचपैकी चार तारे. पैसे भरून मिळणारी वेबसाइट सोडू नका, पण नाव सापडेनासं झालं की इथे विचारा. प्रश्न लिहिताना माणसाचं नाव, अंदाजे साल आणि काउंटी हे तिन्ही द्या. नुसतं ‘स्मिथ, ओहायो’ लिहिलंत तर उत्तर मी देईन, पण त्यात एक प्रश्नच असेल.