खर्जाच्या शोधात तुर्भ्याला: पिकअपच्या सायलेन्सरचे काम आणि आठ महिन्यांचा अनुभव

माझ्याकडे 2017 सालची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे. 2.5 लिटरचे टर्बो डिझेल इंजिन, मागे उघडा हौदा, आणि दर शनिवारी ऐरोलीहून महापे, शिळफाटा, कल्याण करत मुरबाडजवळच्या शेतावर खताच्या गोण्या आणि ठिबकचे पाइप पोहोचवणे, हा तिचा नेमाने चाललेला संसार. गाडीच्या ताकदीबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती आवाजाबद्दल, कारण देह पहिलवानाचा आणि गळा मात्र शाळकरी पोराचा, अशी तिची तऱ्हा होती. इंजिनाचा खडखडाट पुढून भरपूर ऐकू यायचा, पण मागून येणारा आवाज पातळ आणि फुसका होता. मला तो मोठा करायचा नव्हता, खाली आणायचा होता. गाणाऱ्याने पट्टी उतरवून खर्ज लावावा तसा.

ही अपेक्षा किती रास्त होती, हे आधी सांगितले पाहिजे. टर्बो डिझेलमध्ये सिलिंडरमधून सुटलेल्या धुराला पहिल्यांदा टर्बोचे, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचे, पाते फिरवावे लागते, आणि त्या कष्टात त्याच्या ठोक्यांची धार बरीचशी बोथट होते. पुढे धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजेच "कॅट", आणखी थोडी धार खातो. सायलेन्सरपर्यंत जे पोहोचते ते मुळातच दबलेले असते. शिवाय अमेरिकी पिकअपच्या ज्या आवाजावर आपण भाळतो तो आठ सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा असतो. त्या इंजिनात एका बाजूच्या चार सिलिंडरांचे ठोके समान अंतराने पडत नाहीत आणि त्या लंगड्या तालातूनच ती गुरगुर जन्माला येते. चार सिलिंडरच्या डिझेलचे ठोके घड्याळासारखे समान पडतात, त्यामुळे कितीही पैसे ओतले तरी त्यातून तो आवाज निघणार नाही. दुकानात जाण्यापूर्वी एवढे समजून घेतले असेल तर पुढचा मनस्ताप निम्म्याने कमी होतो.

ही कार्यशाळा तुर्भे एमआयडीसीच्या आतल्या एका गल्लीत आहे. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही येणार आहे आणि ती एकट्याच्या अनुभवावर बेतलेली आहे. बाहेर पाटी धड वाचता येत नाही, आत मात्र दोन खांबी लिफ्ट, पाइप वाकवण्याचे यंत्र आणि भिंतीला टांगलेली जुन्या सायलेन्सरांची रांग आहे. मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर चढवण्याआधी इंजिन चालू ठेवायला सांगितले, हातमोजा घालून टेलपाइपच्या तोंडाशी तळवा धरला, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मग म्हणाले, "साहेब, कॅट काढायला सांगणार असाल तर गाडी आत घेऊच नका. धूर वाढेल, वास येईल, आणि पीयूसीच्या वेळी माझ्याच नावाने बोंबलाल." या एका वाक्यावर मी काम त्यांना देऊन टाकले. बीएस-6 गाड्यांच्या बाबतीत तर हा नकार अधिकच महत्त्वाचा आहे, कारण त्यांच्यातला काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर काढला की प्रदूषणाचा नियम मोडतोच, पण दाब मोजणारे सेन्सरही बिथरतात आणि गाडी धोक्याचा दिवा लावून बसते.

ठरले ते असे: कॅटपर्यंत कंपनीचे सगळे जसेच्या तसे ठेवायचे, त्यामागे अडीच इंची स्टेनलेस पाइप घालायचा आणि कंपनीच्या कप्प्यांच्या सायलेन्सरऐवजी सरळ आरपार जाणारा सायलेन्सर बसवायचा. कप्प्यांच्या सायलेन्सरमध्ये आवाज भिंतींवर आपटत, वळणे घेत, एकमेकांना खोडत बाहेर पडतो. आरपार प्रकारात छिद्रे पाडलेली नळी असते आणि तिच्याभोवती काचतंतूंची लोकर ठासलेली असते. ही लोकर वरच्या पट्टीतला आवाज शोषते, खालच्या पट्टीतला मात्र बराचसा जाऊ देते. खर्ज येतो तो असा. या कामाचे 24,500 रुपये आणि दोन दिवस सांगितले, आणि दोन्ही शब्द पाळले.

कारागिरीबद्दल मनापासून चांगले लिहावे लागेल. वळणे साच्याच्या यंत्रावर घेतलेली असल्यामुळे पाइप कुठेही चेपलेला नाही; स्वस्तातल्या ठिकाणी वळणावर पाइप पोटाशी दबतो आणि अडीच इंचाचा दोनच इंच उरतो. सांधे आर्गन वेल्डिंगने केले आहेत. मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन पाहिले, तेव्हा मिस्त्रींचा पोऱ्या पाइपचे एक तोंड चिकटपट्टीने बंद करून आतही आर्गन सोडत होता. हे बरेच जण टाळतात, कारण गॅस दुप्पट जातो आणि गिऱ्हाइकाला बाहेरून काही कळत नाही. पण आत हवा राहिली तर सांध्याची आतली बाजू जळून काळी, रवाळ होते आणि तिथूनच पुढे तडा जातो. माझ्या पाइपचे सांधे बाहेरून फिक्या सोनेरीपासून निळसर छटेपर्यंत आहेत आणि आत बोट फिरवले तेव्हा ते गुळगुळीत लागले. पाइप 304 या चांगल्या स्टेनलेस प्रतीचा असल्याचे बिलावर लिहिले आहे. चुंबक लावून खात्री करावी असे काही जण सांगतात, पण हलक्या 202 प्रतीलाही चुंबक चिकटत नाही, तेव्हा ती परीक्षा निरुपयोगी आहे.

गाडी सुरू केली तेव्हा जे हवे होते तेच कानावर पडले. उभ्या गाडीचा आवाज जाड आणि संथ झाला होता. पामबीच रस्त्यावर सिग्नल सुटल्यावर गाडीने एक भारदस्त हुंकार दिला आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

ही खुशी शनिवारपर्यंत टिकली. शिळफाट्याच्या पुढे गाडी पाचव्या गिअरमध्ये 80 च्या आसपास स्थिरावली, इंजिन मिनिटाला 1900 फेऱ्यांवर आले, आणि केबिनमध्ये एक घूंऽऽ असा सलग आवाज भरला, जो कानापेक्षा छातीत आणि दातांत जास्त जाणवतो. धंद्यात याला ड्रोन म्हणतात. मुरबाड येईपर्यंत वडिलांनी दोनदा काच खाली करून पाहिली आणि परतताना ते डोक्याला रुमाल बांधून बसले. फोनवरच्या ॲपने त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला पूर्वी 64 डेसिबल दाखवले होते, आता 71 दाखवले. फोनच्या आकड्यावर मोजमाप म्हणून विसंबू नये, पण एकाच फोनने घेतलेली तुलना पुरेशी बोलकी असते.

याचे कारण गणिताचे आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन ठोके पडतात, म्हणजे 1900 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 63. केबिनची पोकळी नेमक्या अशाच खोल स्वरांना साथ देते, आणि आरपार सायलेन्सर त्यांना अडवत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच ठरावीक फेऱ्यांवर अवगुण होऊन बसतो.

परत गेलो तेव्हा मिस्त्रींनी माझे बोलणे पूर्ण ऐकलेही नाही. "होतं असं या गाड्यांना," ते म्हणाले, आणि मुख्य पाइपला काटकोनात जोडलेली, दुसऱ्या टोकाला बंद असलेली एक लांब नळी चासीच्या कडेने बसवावी लागेल असे सांगितले. आवाजाची लाट त्या नळीत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते आणि नेमकी उलट्या पायरीवर येऊन मूळ लाटेला खोडते. त्यासाठी नळीची लांबी लाटेच्या पाव भागाइतकी लागते. धुराच्या तापमानाला 63 च्या स्वरासाठी ती सुमारे पावणेदोन मीटर भरते. मोटारीखाली एवढी जागा मिळणे कठीण, पण पिकअपच्या लांब चासीला ती सहज सापडते. नळी बसल्यावर तेच ॲप, तोच रस्ता, तोच वेग: 66. वडिलांचा रुमाल खिशात गेला. उभ्या गाडीचा खर्ज तसाच राहिला आहे, आणि ही करामत मी नक्कीच वाखाणतो.

माझा राग आहे तो या नळीसाठी लावलेल्या 5,500 रुपयांबद्दल नाही, तर ती नंतर लावल्याबद्दल आहे. "होतं असं या गाड्यांना" हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. मी तेव्हाच 30,000 दिले असते, आणि एक शनिवार वाचला असता.

दुसरी उणीव कायद्याची आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मोकळीक देत नाही. कलम 182अ नुसार प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि आवाजाची मर्यादा मोडल्यास कलम 190 नुसार 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा कैद, वर तीन महिने परवाना बाळगण्यास अपात्रता, अशी तरतूद आहे. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा फक्त धूर तपासला जातो, आवाज नाही, त्यामुळे ती पावती या बाबतीत काहीही सिद्ध करत नाही. दुकानात मी विषय काढला तेव्हा "काही होत नाही साहेब, बुलेटवाल्यांना धरतात" एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर मला पटले नाही. गिऱ्हाइकाला जोखीम सांगून निर्णय त्याच्यावर सोडणे हा सचोटीचा मार्ग झाला असता. पाइपच्या सांध्याला बोल्टने जोडलेली फ्लँज, म्हणजे सुटी करता येणारी चकती, मी आग्रहाने करून घेतली, त्यामुळे कंपनीचा सायलेन्सर तासाभरात परत चढवता येतो; तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे, आणि हा मजकूर लिहीपर्यंत तो परत चढवावा असे मला निम्म्याहून अधिक वेळा वाटून गेले आहे.

डिझेलच्या खपात मला फरक आढळला नाही. गाडी जोमाने पळते असे मित्र म्हणतात, पण तो कानाचा भास आहे.

एक पावसाळा काढल्यावर गाडीखाली वाकून पाहिले. पाइप आणि सांधे स्वच्छ आहेत, पण पाइप टांगणारे आकडे साध्या लोखंडाचे निघाले आणि खाडीच्या हवेने त्यांना तांबूस पापुद्रे आले आहेत. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळचा एक आकडा नखाने खरवडला तरी झडतो. बिलात "संपूर्ण स्टेनलेस" असे लिहिलेले आहे. फोटो पाठवल्यावर मिस्त्रींनी चारही आकडे फुकट बदलून देतो, मंगळवारी सकाळी दहाच्या आत या, असे कळवले आहे. मी बिल सोबत घेऊन जाणार आहे.