पूरमदतीच्या कामासाठी बाओफेंग यूव्ही-५आर कितपत कामाचा?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, वीज गेली आणि मोबाईलही बंद पडले. टॉवरखालच्या बॅटऱ्या काही तासच तग धरतात. अशा वेळी छपरावर अडकलेल्यांचा निरोप बोटीपर्यंत पोचवायला रेडिओशिवाय दुसरा मार्ग राहत नाही, आणि परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओ, स्वयंसेवकाच्या हातात आज बहुधा बाओफेंग या चिनी कंपनीचा यूव्ही-५आर हा हातात मावणारा वायरलेस सेट असतो. ट्रेकला किंवा छंदासाठी तो कसा आहे हा प्रश्न इथे घेतलेला नाही. पूर, दरड आणि वादळातल्या कामाला तो किती पुरा पडतो, एवढंच पाहिलं आहे.

आधी परवान्याचं. हौशी रेडिओला आपल्या देशात १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे दिलेले आहेत. हा सेट मात्र १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ एवढ्या रुंद पट्ट्यात प्रक्षेपण करतो. समुद्रातल्या संकटाच्या हाकेचं चॅनेल १६, म्हणजे १५६.८०० मेगाहर्ट्झ, यातच येतं. कोकणात चुकून तिथे बटण दाबलं गेलं तर बुडत्या होडीची हाक दबू शकते. म्हणून सेट हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे चर्प या मोफत सॉफ्टवेअरमधून प्रक्षेपणाच्या मर्यादा हॅम पट्ट्यापुरत्या आवळणं. जी चॅनेल फक्त ऐकायची आहेत त्यांच्या ‘डुप्लेक्स’ रकान्यात ‘ऑफ’ निवडावं, म्हणजे तिथे बटण दाबलं तरी काहीच बाहेर जात नाही. परवान्याची परीक्षा दूरसंचार विभागाकडून होते, बारा वर्षांपुढचं कोणीही देऊ शकतं आणि रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही. परवाना नसलेल्या कार्यकर्त्यांसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे मान्यताप्राप्त, कमी ताकदीचे वॉकीटॉकी आहेत. गल्लीतल्या गल्लीत अन्नवाटप करायला ते पुरतात. त्यांच्या हाती यूव्ही-५आर देऊ नये.

सेटची जमेची बाजू मोठी आहे. नामांकित जपानी हँडसेटच्या किमतीत याचे चार-पाच नग येतात, आणि आपत्तीत संख्येला फार महत्त्व असतं. एक बोटीवर, एक निवारा शाळेत, एक रुग्णवाहिकेत, एक राखीव, असं वाटप परवडतं. १२८ चॅनेल, कागदावर चार-पाच वॉट ताकद आणि वर एफएम रेडिओ, त्यामुळे आकाशवाणीचा इशाराही त्याच्यावरच ऐकता येतो. बॅटरी, हँडमाईक, इअरफोन कुठल्याही मोठ्या शहरात मिळतात.

खोट रिसीव्हरमध्ये आहे. त्याची फिल्टरिंग कच्ची असल्याने जवळपास दुसरा ताकदवान प्रक्षेपक चालू झाला की हा बहिरा होतो. टॉवर, पोलिस वायरलेस आणि रिपीटर (निरोप पकडून जास्त ताकदीने पुढे पाठवणारा सेट) एकाच गच्चीवर असलेल्या सरकारी इमारतीत हे नेहमीचंच. स्क्रीनवर सिग्नलच्या पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही. म्हणून नियंत्रण केंद्रावर यूव्ही-५आर ठेवू नये. तिथे गाडीत बसवतात तसा २५ ते ५० वॉटचा मोबाईल सेट, बारा व्होल्टची बॅटरी आणि गच्चीवरचा अँटेना हवा. फिरतीवरच्या माणसाच्या हातात यूव्ही-५आर, बसलेल्या माणसापुढे मोठा सेट, ही विभागणी सोडली की काम घसरतं.

पल्ल्याबद्दल खोक्यावर काहीही छापलेलं असो, गणित उंचीचं आहे. जमिनीवर उभ्या दोन माणसांमध्ये, अँटेना दीड मीटरवर धरला तर, मोकळ्या मैदानात हिशेबाने दहा किलोमीटर निघतात. वस्तीत एक-दोन किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. त्यातला एक अँटेना वीस मीटर उंच गच्चीवर गेला की हिशेब तेवीस किलोमीटरवर जातो. ताकद तीच, फक्त उंची वाढली. चिपळूण चहूबाजूंनी डोंगरांच्या वाटीत आहे. शहरातून महामार्गावर बोलायचं तर परशुराम घाटात एक माणूस निरोप पुढे द्यायला बसवावा लागतो. कोल्हापूरला जोतिबाचा डोंगर तेच काम करतो. जिल्ह्याच्या नकाशावर अशा जागा पावसाळ्याआधीच खुणा करून ठेवाव्यात आणि तिथे दोन माणसांच्या पाळ्या लावाव्यात. एकटा माणूस सहा तासांनंतर आकडे चुकीचे ऐकायला लागतो.

सोबत येणारा आखूड अँटेना पहिल्या दिवशीच बदलावा. त्याजागी सुमारे ३९ सेंटीमीटरचा लवचीक अँटेना लावला की फरक लगेच जाणवतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे शेपूट. ४९ सेंटीमीटरची साधी वायर घ्यायची, तिच्या टोकाला गोल लग लावायचा आणि तो अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला टेकेल असा अडकवायचा. वायर खाली लोंबू द्यायची. हातातल्या सेटला पुरेशी ‘जमीन’, म्हणजे अँटेनाचा दुसरा अर्धा भाग, मिळत नाही, ती ही वायर देते. लग आतल्या पिनला टेकला तर शॉर्ट होतो, तेवढं मात्र पाहावं.

निवारा केंद्रासाठी ग्राउंड प्लेन अँटेना अर्ध्या तासात होतो. एसओ-२३९ या अँटेना केबलच्या सॉकेटच्या मध्यावर ४९ सेंटीमीटरची उभी तार डाखायची आणि चार कोपऱ्यांना प्रत्येकी ५२ सेंटीमीटरच्या तारा ४५ अंशांत खाली वाकवून लावायच्या. बांबूला बांधून गच्चीवर चढवायचा. केबल मात्र बेताची ठेवावी. साधी आरजी-५८ दर दहा मीटरला १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे २ डेसिबल खाते. वीस मीटर टाकली तर चार वॉटमधले जेमतेम दीड वॉट वर पोचतात. सेटच्या डोक्यावर जाड अडॅप्टर सरळ बसवू नये. केबलच्या ओढीने आतला छोटा कनेक्टर बोर्डासकट उखडतो. मध्ये फूटभर बारीक केबलचा तुकडा असावा.

बॅटरी १८०० मिलिअँपिअर-तासांची आहे. नुसतं ऐकत राहिलं तर दिवस निघतो. पण पूर्ण ताकदीवर बोलताना सेट सुमारे दीड अँपिअर ओढतो, म्हणजे तासाला दहा मिनिटं बोलणाऱ्याची बॅटरी पाच-सहा तासांत बसते. माणशी तीन बॅटऱ्या धराव्यात. चार्जरची बैठक दहा व्होल्टवर चालते, म्हणून ती गाडीच्या बारा व्होल्टला थेट जोडू नये. गाडीसाठी बॅटरीच्या जागी बसणारा बॅटरी एलिमिनेटर वेगळा मिळतो, तो घ्यावा.

आणि पाणी. या सेटला पाण्यापासून संरक्षण असं काही नाही. जाड, पारदर्शक झिप पिशवीत सेट घालून, अँटेना वर राहील अशी तोंडाशी घट्ट गाठ मारावी. पिशवीवरून बटण दाबता येतं आणि बोलणंही चांगलं जातं. आत सिलिका जेलची पुडी टाकावी. आवाज एकदम दबका यायला लागला तर आधी स्पीकरच्या जाळीवर पाण्याचा पडदा धरलाय का ते पाहावं. बऱ्याचदा तेवढंच असतं.

सेटिंगमध्ये निम्मे घोटाळे होतात. सगळ्यांत मोठा मेन्यू ११ चा. तिथे रिसीव्हचा टोन (बोलण्यासोबत जाणारी, कानाला न जाणवणारी ओळखखूण) चालू राहिला तर तो टोन न पाठवणाऱ्या कुणाचंही बोलणं सेट ऐकवत नाही. समोरचा मदत मागत असतो आणि स्वयंसेवकाला वाटतं शांतता आहे. मदतकार्यात ११ आणि १० (तसाच डिजिटल कोड) दोन्ही बंद, आणि पाठवण्याचा टोन (मेन्यू १३) फक्त रिपीटरच्या चॅनेलला. मेन्यू ४, व्हॉक्स, बंदच असावा, नाहीतर बोटीचं इंजिन किंवा पत्र्यावरचा पाऊस स्वतःच प्रक्षेपण सुरू करतो. मेन्यू ७, दुहेरी ऐकणं, बंद करावं, कारण त्यामुळे उत्तर भलत्याच चॅनेलवर जातं. मेन्यू ९ म्हणजे सलग बोलण्याची मर्यादा, ती ६० सेकंदांवर ठेवावी. बोटीत कुणी सेटवर बसलं तर निदान मिनिटाभराने चॅनेल मोकळं होतं. मेन्यू ५, म्हणजे चॅनेलची रुंदी, सगळ्यांचा ‘वाइड’. बाजूचं नारिंगी बटण दाबून धरलं की भोंगा वाजतो, आणि मेन्यू ३२ नीट लावला नसेल तर तो हवेतही जातो. तिथे ‘साइट’ निवडावं, म्हणजे भोंगा फक्त सेटवरच वाजतो. # ची कळ चुकून दाबली गेली की ताकद कमी होते, स्क्रीनवर एल दिसतो. ती लांब दाबून कीपॅडला कुलूप घालावं.

मेन्यू ३ मधली बॅटरी बचत चालू असेल तर सेट मध्येमध्ये डुलकी घेतो आणि समोरच्याचा पहिला शब्द गिळतो. म्हणून बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून मगच बोलावं. नव्या माणसाला हे दहा वेळा करायला लावावं.

संगणकावरून चॅनेल भरण्याच्या केबलमध्ये नकली चिप असेल तर विंडोजचा नवा ड्रायव्हर ती नाकारतो. एफटीडीआय कंपनीच्या चिपची केबल घेतली की ही कटकट टळते. त्याउपरही सेट प्रतिसाद देत नसेल तर दोन पिनांचा प्लग पूर्ण आत बसलेला नसतो, कट् असा आवाज येईपर्यंत दाबावा. आधी सेटमधली मूळ फाइल वाचून जपून ठेवावी, तिच्यातच बदल करावेत. दुसऱ्या आवृत्तीच्या सेटची फाइल चढवू नये.

तालुक्याबाहेर हा सेट पोचत नाही हे गृहीत धरून आखणी करावी. चिपळूणहून मुंबई-पुण्याला थेट बोलायला ७ मेगाहर्ट्झचा एचएफ (लघुलहरी) सेट आणि एकूण वीस मीटरचा डायपोल, म्हणजे मध्यावर केबल जोडलेला तारेचा अँटेना, लागतो. तो चार-पाच मीटरवरच ताणला तर लहर सरळ वर जाऊन परत खाली येते आणि सह्याद्री आड येत नाही. यूव्ही-५आर त्या साखळीची शेवटची, गावातली कडी आहे.

त्या कडीवर चुका आकड्यांच्या होतात. खरखरीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ सारखेच ऐकू येतात. म्हणून ‘पाच, नऊ’ असे अंक सुटे बोलावेत. वाडीचं नाव गाव आणि तालुक्यासकट सांगावं, कारण बौद्धवाडी आणि गावठाण प्रत्येक गावात असतं. औषधाचं नाव अक्षरं फोडून द्यावं. ऐकणाऱ्याने निरोप क्रमांक आणि वेळेसह वहीत पेन्सिलीने लिहावा, ओल्या कागदावर पेनाची शाई फुटते, आणि पूर्ण वाचून दाखवावा. पाठवणारा ‘बरोबर, ओव्हर’ म्हणेपर्यंत तो निरोप पोचला असं धरू नये.