नेसस: टर्मिनलवरून सेवा सांभाळता येते, तपासणी मात्र नाही

मॉनिटर नसलेल्या लिनक्स सर्व्हरवर नेसस, म्हणजे जाळ्यातील (नेटवर्कमधील) यंत्रांच्या सुरक्षेतील त्रुटी शोधणारा प्रोग्रॅम, बसवून तो केवळ एसएसएचमधून (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे आज्ञा देण्याच्या सोयीतून) वापरण्याचा विचार असेल, तर कमांड लाइनवरून काय जमते आणि काय जमत नाही, हे आधीच ओळखून घ्यावे.

सेवा सुरू किंवा बंद करणे सोपे आहे. नेससडी ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा सिस्टीमसीटीएल या लिनक्सच्या सेवा-नियंत्रकाच्या नेहमीच्या आज्ञांना मुकाट्याने दाद देते. बाकीची देखभाल नेसससीएलआय या प्रोग्रॅमकडे असून तो ऑप्ट-नेसस-एसबिन या फोल्डरात असतो. परवान्याची नोंदणी, वापरकर्ता जोडणे, विसरलेला पासवर्ड बदलणे, प्लगइन (एकेक त्रुटी तपासणारे छोटे प्रोग्रॅम) अद्ययावत करणे ही सगळी कामे त्याच्याकडून होतात. इंटरनेटपासून तोडलेल्या जाळ्यातही तो कामी येतो: परवाना मागण्यासाठी लागणारा चॅलेंज कोड काढायचा, दुसऱ्या संगणकावरून परवाना आणि प्लगइनची फाइल आणायची व ती येथे भरायची. ही पद्धत कंटाळवाणी आहे, पण भरवशाची आहे.

मला सर्वांत उपयोगी वाटली ती नेसससीएलआयची, मांडणी बदलणारी 'फिक्स' ही उपआज्ञा. नेससचे वेब पान ८८३४ पोर्टवर उघडते आणि मूळ मांडणीत ते सर्व पत्त्यांवर ऐकत असते. जाळ्यातील प्रत्येक यंत्राच्या दुखऱ्या जागा ज्याला ठाऊक आहेत, त्याने स्वतःचे दार असे सताड उघडे ठेवावे, हे मला पटत नाही. म्हणून 'फिक्स'मधून लिसन-अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ (म्हणजे फक्त त्याच यंत्राचा पत्ता) करून, सेवा पुन्हा सुरू करून, मी ते पान एसएसएचच्या बोगद्यातूनच पाहतो.

प्लगइनचा साठा बिघडला, तर सेवा थांबवून 'नेससडी -आर' (मोठ्या लिपीतला R) चालवावे. साठा नव्याने बांधायला बराच वेळ लागतो. पहिल्या खेपेस यंत्र अडकले असे समजून मी ते मध्येच तोडले आणि सगळे पुन्हा करत बसलो. चूक माझीच होती.

खरी उणीव वेगळीच आहे. जुन्या आवृत्त्यांत टर्मिनलवरून थेट तपासणी सोडून अहवाल फाइलीत घेता येत असे. आज नेसससीएलआय तपासणी सुरूच करत नाही आणि प्रोफेशनल आवृत्तीत ७ पासून एपीआयद्वारे (दुसऱ्या प्रोग्रॅममधून आज्ञा देण्याच्या मार्गाने) तपासणी सोडण्याची सोयही काढून घेतली गेली. वेळापत्रक वेब पानावरच लावावे लागते. पैसे मोजणाऱ्या ग्राहकाकडून क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी लिनक्सची सोय) आणि स्क्रिप्ट हिरावून घेण्याचा हा निर्णय मला व्यापारी वाटतो, तांत्रिक नव्हे.

ज्यांना रात्रीची तपासणी स्क्रिप्टमधूनच सोडायची आहे, त्यांनी ओपनव्हास हा त्याच कामाचा खुला प्रोग्रॅम पाहावा. नेससचा स्रोत २००५ मध्ये बंद झाल्यावर त्याच्याच जुन्या खुल्या स्रोतातून ते उभे राहिले. त्याची मांडणी अधिक किचकट आहे, पण जीव्हीएम-सीएलआय या त्याच्या कमांड लाइन साधनातून एक्सएमएलची आज्ञा दिली की तपासणी सुरू होते.